रिकाम्या टॅक्सीचा खर्च कोणाच्या माथी?

संध्याकाळी साडेसहाचा सुमार. परळच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या फाटकाबाहेर एक बाई उभी असते. हातात औषधांची पिशवी, सोबत थकलेले सासरे. जायचे फक्त दादरपर्यंत. पहिली टॅक्सी थांबते, चालक ‘दादर’ ऐकतो आणि मान हलवून निघून जातो. दुसरा थांबतच नाही. तिसऱ्याला अंधेरीकडचे भाडे हवे असते. नेमक्या त्याच वेळी मुंबई सेंट्रलच्या बाहेर काळ्यापिवळ्या गाड्यांची लांब रांग लागलेली असते. बाहेरगावची गाडी येईल, सामानवाला प्रवासी मिळेल, या आशेवर चालक बॉनेटला टेकून गप्पा मारत असतात.

म्हणजे एकाच शहरात, एकाच वेळी टॅक्सी कमीही पडतात आणि जास्तही होतात.

प्रवाशाला विचारले तर तो सांगतो, टॅक्सीवाले मुजोर झालेत. टॅक्सीवाल्याला विचारले तर तो सांगतो, या धंद्यात आता काही उरलेले नाही. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात. त्यांच्या भांडणाचे मूळ मात्र दोघांच्याही नजरेआड असते. ते दडलेले असते मीटर बंद असतानाच्या वेळात. हा रिकामा वेळ किती असावा आणि त्याची झळ कोणी सोसावी, हाच टॅक्सीच्या प्रत्येक नियमामागचा खरा प्रश्न. न्यूयॉर्क शहराच्या लोकनियुक्त सभागृहाने तो दोनदा हाती घेतला, एकदा १९३७ मध्ये आणि दुसऱ्यांदा २०१८ मध्ये. त्या दोन निर्णयांचा माग काढला की मुंबईतला परळ-दादरचा तिढाही उलगडू लागतो.

नियम हवेत तरी कशाला?

मंडईत टोमॅटो महाग वाटले तर गिऱ्हाईक पुढच्या गाळ्यावर जाते. माल हाताळून बघता येतो, चार ठिकाणी भाव विचारता येतो आणि कालचा विक्रेता आजही तिथेच बसलेला असतो. फसवले तर उद्या गिऱ्हाईक तुटेल, हा धाक त्याला पुरतो. रस्त्यावरच्या टॅक्सीला यातले काहीच लागू होत नाही. पावसात भिजणारा प्रवासी समोर आलेली गाडी सोडून दुसरीचा भाव विचारायला थांबत नाही. गाडीचे ब्रेक कसे आहेत, चालकाने किती तास झोप घेतली आहे, हे त्याला कळत नाही. आणि आजचा चालक आयुष्यात पुन्हा भेटेलच असेही नाही.

न्यूयॉर्कमध्ये याचा अनुभव हॅरी ॲलन नावाच्या तरुण व्यावसायिकाला १९०७ मध्ये आला. पाऊण मैलाच्या प्रवासाला घोडागाडीवाल्याने त्याच्याकडून ५ डॉलर उकळले, अशी हकिगत सांगितली जाते. त्या काळात ही रक्कम मोठी होती. ॲलनने फ्रान्सहून ६५ मोटारी मागवल्या, त्यांना मीटर बसवले आणि शहरात मीटरवर चालणारी टॅक्सी सेवा सुरू केली. मीटरमुळे घासाघीस संपली. दर आधी ठरलेला, अंतर यंत्राने मोजलेले.

म्हणूनच जगभरच्या शहरांनी टॅक्सीच्या तीन गोष्टींवर नियम केले. पहिली, गाडी आणि चालक यांची पात्रता. लंडनमध्ये काळ्या कॅबचा परवाना मिळवायला ‘द नॉलेज’ नावाची परीक्षा १८६५ पासून द्यावी लागते आणि त्यासाठी चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ असावे लागतात. दुसरी गोष्ट भाड्याचा दर. तिसरी गाड्यांची संख्या. पहिल्या दोन गोष्टींवर फारसे दुमत नसते. भांडणे पेटतात ती तिसरीवरून.

मीटर बंद असतानाचा वेळ

२०१८ च्या जुलैमध्ये जेम्स पॅरट आणि मायकेल राइश या दोन अर्थतज्ज्ञांनी न्यूयॉर्कच्या टॅक्सी नियामकासाठी एक अभ्यास केला. ॲपवर चालणाऱ्या गाड्यांचे चालक कामावर असलेल्या वेळापैकी किती वेळ गाडीत प्रवासी असतो, हे त्यांनी मोजले. उत्तर आले ५८ टक्के. तासाच्या ६० मिनिटांपैकी साधारण ३५ मिनिटे कमाईची. उरलेली २५ मिनिटे वाट पाहण्यात किंवा प्रवाशापर्यंत रिकामी गाडी नेण्यात जातात.

त्या २५ मिनिटांतही इंजिन चालू असते, गाडीचा हप्ता चढत असतो, चालकाचे वय आणि कंबर झिजत असते. हा खर्च कोणीतरी भरतोच. ३५ मिनिटांच्या भाड्यात तो मिसळला तर प्रवासी भरतो. नाही मिसळला तर चालक भरतो, स्वतःच्या मिळकतीतून.

आता गाड्यांच्या संख्येकडे वळू. समजा, एका शहरात शंभर टॅक्सी आहेत आणि प्रवाशाला सरासरी दहा मिनिटे थांबावे लागते. आणखी पन्नास गाड्या आल्या तर हा थांबा कमी होईल. प्रवासी खूश. पण प्रवासी काही दीडपट होत नाहीत. तीच भाडी आता दीडशे जणांत वाटली जातात, त्यामुळे प्रत्येक चालकाचा रिकामा वेळ वाढतो. नवी गाडी काढणारा स्वतःपुरता हिशेब करतो. आपल्यामुळे बाकीच्या शंभर जणांची थोडी थोडी भाडी कमी होतील, हे त्याच्या हिशेबात येत नाही. म्हणून मोकळीक दिली की गाड्या हव्या त्यापेक्षा जास्त होतात, चालक घर भागवायला चौदा-चौदा तास गाडी हाकतात, आणि रस्ते रिकाम्या गाड्यांनी भरतात.

उलट संख्या आवळली तर चालकाची गाडी क्वचितच रिकामी राहते, पण फुटपाथवर उभ्या माणसाचा वेळ जातो. थोडक्यात, वाट पाहणे पूर्णपणे संपत नाही. नियम फक्त ते या खांद्यावरून त्या खांद्यावर सरकवतो.

दहा डॉलरचा बिल्ला

१९३० च्या मंदीत न्यूयॉर्कमध्ये पहिला प्रकार घडला. नोकऱ्या गेलेली माणसे टॅक्सी चालवू लागली, गाड्या वाढल्या, प्रवासी आटले. भाडी पाडण्याची चढाओढ लागली, संप झाले, मारामाऱ्या झाल्या. महापौर फिओरेलो ला गार्डिया यांच्या कारकिर्दीत १९३७ मध्ये ‘हास कायदा’ आला. सभागृहातले सदस्य लू हास यांच्या नावाने तो ओळखला जातो. यापुढे रस्त्यावर हात दाखवणाऱ्या प्रवाशाला घ्यायचे असेल तर गाडीच्या बॉनेटवर शहराने दिलेला धातूचा बिल्ला हवा, असे ठरले. या बिल्ल्याला ‘मेडॅलियन’ म्हणतात. फी होती १० डॉलर. सुरुवातीला साडेतेरा हजारांच्या आसपास बिल्ले दिले गेले. पुढे काही परत आले आणि आकडा ११,७८७ वर येऊन थांबला.

तो १९९६ पर्यंत तिथेच राहिला. या अर्धशतकात शहर बदलले, विमानतळ वाढले, पर्यटक कित्येक पटींनी आले. बिल्ले तेवढेच.

कायद्याने हे बिल्ले विकण्याची मुभा ठेवली होती आणि सगळा गुंता तिथून सुरू झाला. गाड्या कमी आणि प्रवासी जास्त, म्हणजे बिल्लेवाल्याची कमाई पक्की. मग ती पक्की कमाई विकत घ्यायला लोक पैसे मोजू लागले. १९४७ मध्ये एक बिल्ला सुमारे अडीच हजार डॉलरला जात होता. २०१४ च्या सुमारास तोच दहा लाख डॉलरच्या वर गेला. गाडीची किंमत यात धरलेली नाही. ही किंमत होती केवळ रस्त्यावरून प्रवासी उचलण्याच्या हक्काची.

म्हणजे टंचाईचा फायदा गेला कोणाकडे? चालकाकडे नाही. बहुतेक चालकांकडे बिल्ला नव्हताच. ते बिल्लेवाल्या मालकाकडून बारा तासांच्या पाळीसाठी गाडी भाड्याने घेत. पाळी सुरू झाली की आधी मालकाचे पैसे फेडायचे, मग डिझेल-पेट्रोल, आणि उरले तर आपले. रिकाम्या वेळाचा सगळा भार चालकावर आणि टंचाईचा सगळा नफा बिल्ल्यावर, अशी ही वाटणी झाली.

ज्यांनी स्वतःचा बिल्ला घेतला त्यांनी तो कर्ज काढून घेतला. त्यांत भारत, बांगलादेश, पाकिस्तान या देशांतून गेलेले खूप जण होते. भाव चढताच राहणार, असा सगळ्यांचा समज होता. शहर प्रशासन स्वतःच नव्या बिल्ल्यांचे लिलाव करून कोट्यवधी डॉलर मिळवत होते, त्यामुळे या समजाला सरकारी शिक्काही मिळाला होता. बिल्ले वाढवले तर आधीच्या मालकांची मालमत्ता घसरते. म्हणून मालक संघटित होऊन विरोध करत. प्रवासी लाखो, पण विखुरलेले. ज्याचा प्रत्येकी दहा मिनिटांचा तोटा होतो तो मोर्चा काढत नाही.

गोव्यात हेच वेगळ्या रूपात दिसते. तिथे पर्यटन महामंडळाच्या पुढाकाराने २०१८ मध्ये ‘गोवामाइल्स’ ही ॲपवरची टॅक्सी सेवा सुरू झाली, तेव्हापासून स्थानिक टॅक्सीवाल्यांनी तिला सातत्याने विरोध केला आहे. गोव्यातला टॅक्सीवाला तिथला मतदार असतो. त्याचा प्रवासी मात्र बहुतेक वेळा चार दिवसांसाठी आलेला पाहुणा असतो.

कायद्यातली फट

न्यूयॉर्कच्या कायद्यात सुरुवातीपासून एक भेद होता. रस्त्यावर हात दाखवून थांबवलेली गाडी ही टॅक्सी, तिला बिल्ला हवा. आधी फोन करून बोलावलेली गाडी हा वेगळा प्रकार, तिला बिल्ला नको. यामागे विचार होता. फोन करणारा माणूस घरात बसून दोन ठिकाणी भाव विचारू शकतो, म्हणून त्याला संरक्षण कमी लागते. अशा गाड्यांच्या संख्येवर बंधनही नव्हते.

पिवळ्या टॅक्सींची बहुतेक भाडी मध्य मॅनहॅटन आणि विमानतळांवरच मिळत. ब्रॉन्क्स, क्वीन्स, ब्रुकलिन इथल्या वस्त्यांना फोनवर येणाऱ्या गाड्यांचाच आधार असे. या भागांसाठी २०१३ मध्ये शहराने हिरव्या रंगाच्या टॅक्सी आणल्या. मॅनहॅटनच्या गजबजलेल्या दक्षिण भागात रस्त्यावरून प्रवासी घ्यायला त्यांना मनाई होती. पण तोपर्यंत खरा बदल दुसऱ्याच बाजूने आला होता.

उबर न्यूयॉर्कमध्ये २०११ मध्ये आली, ती कायद्याने ‘आधी बोलावलेली गाडी’ म्हणूनच. फोनवर बोट टेकवले की तीन मिनिटांत गाडी दारात. हे आधी बोलावणे आहे की रस्त्यावर हात दाखवणे? प्रवाशासाठी फरक उरला नाही, कायद्यासाठी मात्र तो कायम होता. बिल्ल्याचा खर्च नाही, संख्येला मर्यादा नाही. २०१५ मध्ये महापौर बिल डी ब्लासिओ यांनी मर्यादा आणायचा प्रयत्न केला तेव्हा उबरने आपल्या ॲपमध्येच त्यांच्या नावाचा एक पर्याय टाकला. तो निवडला की गाडीला किती वेळ लागेल ते फुगवून दिसे. प्रवाशांनी गिल्ला केला आणि प्रस्ताव बारगळला.

२०१८ पर्यंत ॲपच्या गाड्या सुमारे ८०,००० झाल्या. दहा लाखांचा बिल्ला दोन लाखांच्या खाली आला, कर्जे मात्र तशीच राहिली. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये अनेक चालकांनी आत्महत्या केल्या आणि सभागृहाला विषय टाळणे अशक्य झाले.

भागाकारात दडलेला निर्णय

८ ऑगस्ट २०१८ रोजी न्यूयॉर्कच्या नगर परिषदेने ३९ विरुद्ध ६ मतांनी निर्णय घेतला. ॲपच्या नव्या गाड्यांना एक वर्ष परवाने बंद. अपवाद फक्त चाकाची खुर्ची आत घेता येईल अशा गाड्यांचा. ही मर्यादा पुढेही वाढवली गेली. त्यासोबत दुसरे पाऊल उचलले गेले आणि ते जास्त कल्पक होते. चालकाला प्रत्येक फेरीमागे किमान किती पैसे मिळालेच पाहिजेत, हे ठरवण्याचे अधिकार नियामकाला देण्यात आले.

नियामकाचे सूत्र फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाले. खर्च वजा जाता चालकाच्या हाती तासाला १७.२२ डॉलर पडावेत, हे त्याचे उद्दिष्ट होते. सूत्र समजायला सोपे आहे. प्रत्येक मैलाला ०.६३१ डॉलर आणि प्रत्येक मिनिटाला ०.२८७ डॉलर धरायचे. साडेसात मैलांच्या, अर्ध्या तासाच्या फेरीचे होतात साधारण १३.३४ डॉलर. हे झाले प्रवासी गाडीत असतानाचे. आता या रकमेला गाडी भरलेली असण्याच्या प्रमाणाने, म्हणजे ०.५८ ने भागायचे. उत्तर येते २३ डॉलर. वरचे जवळपास दहा डॉलर म्हणजे चालकाने वाट पाहिल्याचा मोबदला.

खरी मेख या भागाकारात आहे. गाड्या जास्त सोडल्या आणि हे प्रमाण ५० टक्क्यांवर घसरले, तर त्याच फेरीचे किमान २६.७ डॉलर द्यावे लागतील. ते ७० टक्क्यांवर नेले तर १९ डॉलर पुरतील. म्हणजे रस्त्यावर वाटेल तेवढ्या गाड्या मोकळ्या सोडून प्रवाशाला तत्काळ सेवा देण्याची जी चैन कंपन्यांना आजवर फुकट पडत होती, तिला किंमत लागली. रिकाम्या वेळाचा खर्च पहिल्यांदाच ज्याच्या हाती संख्या आहे त्याच्या नावावर टाकला गेला.

कंपन्यांनी त्यावरही वाट काढली. २०१९ च्या जूनमध्ये ‘लिफ्ट’ या ॲप कंपनीने आणि सप्टेंबरमध्ये उबरने मागणी कमी असताना नव्याने ॲप उघडणाऱ्या चालकांना रोखायला सुरुवात केली. कागदावरचा रिकामा वेळ घटला. चालक मात्र कोपऱ्यावर गाडी लावून ॲप कधी उघडते याची वाट बघत बसला, आणि हे बसणे कोणत्याच सूत्रात मोजले जात नव्हते.

बिल्ल्यांच्या कर्जाचा प्रश्न आणखी तीन वर्षे रेंगाळला. २०२१ च्या शरद ऋतूत चालकांनी सिटी हॉलबाहेर धरणे धरले आणि पंधरा दिवस उपोषण केले. त्यांच्या संघटनेच्या प्रमुख होत्या गुजरातमध्ये जन्मलेल्या भैरवी देसाई. अखेर कर्जाची रक्कम दोन लाख डॉलरपर्यंत खाली आणायची, त्यांपैकी ३०,००० शहराने भरायचे आणि उरलेल्या १,७०,००० डॉलरला शहराने हमी द्यायची, असा तोडगा निघाला. १९३७ मध्ये दहा डॉलरला दिलेल्या हक्काची फेड अशी जनतेच्या तिजोरीपर्यंत येऊन पोहोचली.

चौकट : काय केले की काय घडते?

• संख्या मोकळी सोडली : प्रवाशाला गाडी पटकन मिळते. चालकाचा रिकामा वेळ वाढतो, कोंडीही वाढते.

• संख्या आवळली : चालकाला भाडी भरपूर, प्रवाशाला थांबा. परवाना विकता येत असेल तर नफा परवान्याच्या किमतीत जाऊन बसतो.

• दर वाढवला, संख्या मोकळी ठेवली : जास्त कमाईच्या आशेने नव्या गाड्या येतात, काही काळाने चालकाची मिळकत पुन्हा होती तिथे येते.

• गर्दीच्या वेळी दर चढू दिला : ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याचा थांबा कमी होतो, बाकीच्यांचा वाढतो.

• फेरीमागे किमान मोबदला ठरवला आणि त्यात रिकामा वेळ मोजला : गाड्या किती ठेवायच्या याचा विचार कंपनीला करावा लागतो.

मुंबईत निर्णय कोण घेतो?

टॅक्सी मिळाली नाही की नगरसेवकावर राग काढणारे मुंबईकर थोडे नाहीत. पण मुंबई महापालिकेला टॅक्सीचा दर किंवा संख्या ठरवण्याचा अधिकार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने भाडेनिश्चितीचे अधिकार राज्य सरकारकडे दिले आहेत. अंमलबजावणी परिवहन प्राधिकरणे करतात. मुंबई आणि आसपासच्या शहरांसाठी मुंबई महानगर क्षेत्र परिवहन प्राधिकरण आहे. पुण्यासारख्या ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचे प्राधिकरण रिक्षांचे दर ठरवते. महापालिकेकडे उरतात रस्ते, फुटपाथ आणि स्टँडसाठी लागणारी जागा.

संख्येचे कुलूप इथेही लागले होते. राज्यात टॅक्सी-रिक्षांचे नवे परवाने १९९७ मध्ये थांबवण्यात आले आणि ती बंदी २०१७ मध्ये उठली. दरम्यान न्यूयॉर्कसारखीच फट इथेही निघाली. ओला-उबरच्या गाड्या मीटरच्या टॅक्सी नव्हेत, त्या पर्यटक परवान्यावर चालतात. त्यामुळे काळीपिवळीला मीटर, रंग, वयोमर्यादा यांची बंधने आणि शेजारी उभी असलेली ॲपची गाडी वेगळ्याच नियमांखाली, असे चित्र अनेक वर्षे राहिले. काळीपिवळीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर हे मॉडेल रस्त्यावरून गेले.

दराचे सूत्र ठरवायला राज्याने आधी हकीम समिती नेमली. तिच्या सूत्राला मुंबई ग्राहक पंचायतीने न्यायालयात आव्हान दिले. त्यानंतर बी. सी. खटुआ यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती आली आणि तिचा अहवाल २०२० मध्ये स्वीकारला गेला. इंधन, गाडीची किंमत, विमा, देखभाल, महागाई अशा घटकांचा त्यात विचार होतो. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये आहे. ते पहिल्या दीड किलोमीटरसाठी आहे, पुढे प्रत्येक किलोमीटरला २०.६६ रुपये.

परळ ते दादर : मीटर काय सांगतो?

हे दोन आकडे शेजारी ठेवून गुणाकार केला की सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर सापडते. २०.६६ गुणिले दीड म्हणजे ३०.९९. रुपयांत पूर्ण केले की ३१. म्हणजे किमान भाड्यात फेरी मिळवण्यासाठी गेलेल्या वेळाचा वेगळा मोबदला जवळजवळ शून्य आहे. दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पंधरा किलोमीटरला साधारण ३१०.

अंतर दहापट, भाडे दहापट. हे वरवर न्याय्य दिसते. पण ३१० रुपये मिळवायला चालकाने लांबची एक फेरी केली तर त्याला प्रवाशाची वाट एकदाच पाहावी लागते. जवळच्या दहा फेऱ्या केल्या तर दहादा. वाहतूक कोंडीत गाडी थांबली तर मीटर तो थांबा मोजतो. दोन भाड्यांमधला थांबा मात्र मोजला जात नाही. म्हणून मुंबई सेंट्रलच्या रांगेत तासभर उभ्या राहिलेल्या चालकाला ताडदेवचे भाडे नको असते, आणि परळच्या बाईला दादर म्हटल्यावर मान हललेली दिसते.

न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीचा मीटर वेगळ्या पद्धतीने चालतो. डिसेंबर २०२२ पासून तिथे गाडीत बसल्याबरोबर ३ डॉलर लागतात आणि त्यानंतर प्रत्येक एक पंचमांश मैलाला ७० सेंट. अधिभार सोडले तर एक मैलाची फेरी साडेसहा डॉलरला पडते, पाच मैलांची साडेवीस डॉलरला. अंतर पाचपट, भाडे साधारण सव्वातीनपट. सुरुवातीचे ते ३ डॉलर म्हणजे वाट पाहण्याची भरपाई. त्यामुळे जवळचे भाडे अगदीच तोट्याचे राहत नाही.

खटुआ समितीने लांबच्या प्रवासात आठ किलोमीटरनंतर दर उतरता ठेवण्याची शिफारस केली होती. तिचा गाभा हाच होता. आजचे दरपत्रक मात्र सरळ रेषेतच चढते.

भाडे नाकारणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ खाली दंडनीय गुन्हा आहे. तक्रार करता येते, दंडही होतो. पण प्रत्येक नाक्यावर हवालदार उभा करता येत नाही, आणि चालकाचा हिशेब बदलला नाही तर त्याचे वागणेही बदलत नाही. हिशेब बदलणारे उपाय आहेत. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर जवळचे भाडे मिळालेल्या चालकाला एक चिठ्ठी मिळत असे. ठरलेल्या वेळात परत आला तर त्याला रांगेत पुन्हा मागे उभे राहावे लागत नसे. मोठ्या रेल्वे स्थानकांच्या प्रीपेड खिडकीवर हे करणे अवघड नाही. चर्चगेट ते नरिमन पॉइंटची शेअर टॅक्सी हा मुंबईचा स्वतःचा उपाय. अंतर अगदी थोडे, पण थांब्याचा खर्च तीन-चार प्रवाशांत वाटला जातो आणि कोणी नाकारत नाही.

ॲपच्या गाड्यांचे नियम आता आकार घेत आहेत. गर्दीच्या वेळी मूळ दराच्या किती पट भाडे घेता येईल, यावर केंद्राने २०२० मध्ये दीडपटीची मर्यादा सुचवली आणि २०२५ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत ती दुपटीवर नेली. महाराष्ट्राने २०२५ च्या धोरणात दीडपटच ठेवली. स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्याचा किमान ८० टक्के वाटा मिळावा, असे केंद्राच्या सूचना सांगतात. पण हा वाटा झाला मिळालेल्या भाड्याचा. भाडे न मिळालेल्या मिनिटांचा त्यात हिशेब नाही.

ती मिनिटे मोजणे आज अजिबात कठीण नाही. प्रत्येक ॲपच्या गाडीची प्रत्येक हालचाल कंपनीच्या संगणकात नोंदलेली असते. न्यूयॉर्कचा नियामक ही माहिती कंपन्यांकडून सक्तीने घेतो आणि फेऱ्यांच्या नोंदी लोकांसाठी खुल्या ठेवतो. ५८ टक्क्यांचा आकडा निघाला तो अशाच नोंदींवरून. मुंबईच्या प्राधिकरणानेही परवाना देताना ही अट घालावी आणि पुढच्या भाडेवाढीच्या प्रस्तावाबरोबर टॅक्सी दिवसाचे किती तास रिकामी असते, हा आकडा जाहीर करावा. ग्राहक संघटना आणि टॅक्सी युनियन, दोघांनीही पुढच्या सुनावणीत पहिली मागणी हीच करायला हवी.